फ्रॅटर्निटीच्या (अमेरिकन कॉलेजातल्या मुलांच्या क्लबच्या) घरी पार्टी ठेवताना काय काळजी घ्यावी?

अमेरिकेत शिकणाऱ्या भाच्यासाठी विचारताय, तर त्याला एकच गोष्ट घोकून घ्यायला लावा: कोणी बेशुद्ध पडलं की 'झोपू दे, उतरेल सकाळी' म्हणायचं नाही. २०१७ मध्ये पेन स्टेट विद्यापीठात अशाच पार्टीत जिन्यावरून पडलेल्या १९ वर्षांच्या मुलासाठी मदत बोलवायला जवळपास १२ तास लावले. तो वाचला नाही. कुशीवर वळवायचं, ९११ (तिथला आपत्कालीन मदतीचा नंबर) लावायचा, जवळ थांबायचं. कारवाईला घाबरू नये. बहुतेक राज्यांत मदत बोलावणाऱ्याला दारूच्या गुन्ह्यांतून बरीच सूट मिळते.

बादलीत कालवलेलं दारूचं 'पंच' नकोच, कोण किती प्यायलं कळत नाही. दोन-चार 'भावांनी' (सदस्यांना तिथे भाऊच म्हणतात) रात्रभर थेंबही घ्यायचा नाही. आणि हो, २१ च्या आतल्यांना दारू पाजणं तिथे गुन्हा आहे.