लेक्चर कळतं, पण आठवड्याने आठवत नाही

प्रश्न : मी सिन्नरला राहते, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला (कॉम्प्युटर) आहे. एनपीटेलचा (आयआयटी वगैरे संस्थांच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचा) डेटा स्ट्रक्चर्सचा, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये माहिती कशी रचून ठेवायची याचा, १२ आठवड्यांचा कोर्स घेतलाय. लेक्चर दीडपट स्पीडने बघते. त्या वेळी सगळं कळतं, आठवड्याने काहीच आठवत नाही. असाइनमेंटची उत्तरं टेलिग्रामवर मिळतात, तीच टाकते. मागच्या सत्रात असाच एक कोर्स घेतला आणि परीक्षेला बसलेच नाही. आता पाचवा आठवडा चालू आहे, दोन असाइनमेंट बुडाल्यात. माझ्यात शिस्तच नाही का? पुण्याला क्लास लावू का?

उत्तर : शिस्त नसती तर पाच आठवडे लेक्चरं बघत राहिली नसतीस. अडचण दुसरीकडे आहे. वर्गात मॅडम शिकवता शिकवता थांबतात, मागच्या बाकावरच्या कुणाला तरी उभं करतात, फळ्यापाशी बोलावतात. तुला खरंच आलंय की नाही, हे त्या तपासत असतात. ऑनलाइन कोर्समध्ये ते काम तुझ्याच गळ्यात पडतं आणि हे मुलांना कुणी आधी सांगतच नाही.

कळल्यासारखं वाटणं आणि येणं यांत फार अंतर आहे. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहून काढणारे पुढे गेले. तुझ्या पत्रात नेमकं हेच आहे.

मग करायचं काय? समजा, बायनरी सर्च ट्रीमधून (लहान आकडे डावीकडे, मोठे उजवीकडे अशा आकड्यांच्या झाडातून) नोड, म्हणजे झाडातला एक आकडा, काढून टाकण्याचं लेक्चर आहे. ते संपलं की मोबाईल पालथा ठेव आणि कोऱ्या कागदावर ५०, ३०, ७०, २०, ४०, ६०, ८० याच क्रमाने घालत झाड काढ. आता ५० काढून टाक. त्याच्या जागी कोण येणार? उजव्या बाजूचा सर्वांत लहान, म्हणजे ६०, हे सुचलं तर छान. पण ६० वर गेल्यावर ७० च्या डावीकडे काय उरलं? आणि ६० ला स्वतःचं उजवं मूल (खाली उजवीकडे जोडलेला नोड) असतं तर ते कुठे गेलं असतं? जिथे पेन अडेल तेवढाच भाग पुन्हा बघ, तोही साध्या स्पीडने. तीन दिवसांनी तेच झाड काहीही न बघता पुन्हा काढ. सुरुवातीला अर्ध्या तासाच्या लेक्चरला तास-सव्वा तास लागेल, वैताग येईल. लागू दे. आठवड्याची सगळी लेक्चरं झाली नाहीत तरी चालेल, पण जेवढी बघशील तेवढ्यांचा कागद झालाच पाहिजे.

टेलिग्रामची उत्तरं मात्र आजपासून बंद. कॉपी वाईट वगैरे तुला माहीत आहेच; मला त्यातलं नुकसान जास्त दिसतं. काय येत नाही हे दर आठवड्याला सांगणारी ती एकच जागा आहे आणि तीच तू बुजवून टाकतेस. शिवाय असाइनमेंटला गुण २५ च, ७५ गुण केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे. सर्टिफिकेटसाठी २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० असे दोन्हीकडे वेगवेगळे मिळवावे लागतात. परीक्षेत टेलिग्रामची उत्तरं नसणार, मागच्या सत्रात परीक्षेला न बसण्यामागे हीच भीती होती, असा माझा अंदाज आहे.

बुडालेल्या दोन असाइनमेंटचं टेन्शन घेऊ नकोस. १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये साधारणपणे सर्वांत चांगल्या आठच धरतात. तुझ्या कोर्सच्या पानावर तो नियम एकदा वाचून घे.

पुण्याचा क्लास आत्ता नको. फी, खोलीभाडं, येणं-जाणं एवढं करून तिथेही तू ऐकतच बसणार असशील तर काहीच बदलणार नाही. त्यापेक्षा हाच कोर्स घेतलेली वर्गातली एखादी मैत्रीण गाठ. रविवारी तासभर बसा, एकमेकींना झाडं द्या, नोड काढून टाकायला लावा. कॉलेजात एनपीटेलचं काम बघणारे सर किंवा मॅडम असतील, तर क्रेडिटचं (हा कोर्स तुझ्या डिग्रीत धरतात का, ते) त्यांना आत्ताच विचारून ठेव.

आणि परीक्षेचा फॉर्म मुदत संपायच्या आत भर. कोर्स फुकट असला तरी परीक्षेला फी आहे, तेव्हा घरी आधीच सांगून ठेव.