पाच वाजताचा मजूर

"प्रभू भरभरून देतोय, तरी मन भरत नाही. माझ्या विश्वासातच काही खोट आहे का, सर?"

हा प्रश्न मी धुळ्यात समुपदेशक म्हणून बसून इतक्या जणांकडून ऐकलाय, की समोरच्याने सुरुवात केली की पुढचं वाक्य मला पाठ असतं. विचारणारे गरीब नसतात. शिक्षक, ग्रामसेवक, नर्स, एखादा बँकेतला. घर झालेलं असतं, दारात गाडी असते, रविवारी उपासनेला पुढच्या बाकावर बसतात आणि देवाने काय दिलं याची साक्ष द्यायची वेळ आली की सगळ्यात आधी उठतात. 'अजून हवं'चा त्रास काही ख्रिस्ती माणसालाच होतो असं नाही. माझ्याकडे रावेरकडचे केळीवालेही येतात आणि जळगावचे सोन्याचे व्यापारीही. पण विश्वासी माणसावर दुहेरी ओझं असतं. हाव तर सुटत नाहीच, वर हाव सुटत नाही याची लाज. पाळकांना सांगता येत नाही, चर्चच्या मंडळीत बोलता येत नाही. मग माझ्याकडे येतात आणि सुरुवात 'झोप लागत नाही'पासून करतात.

खालची हकिकत तीन-चार जणांची सरमिसळ करून, ओळखीच्या खुणा काढून लिहितोय. त्यांना गुरुजी म्हणू. साक्री तालुक्यातलं मूळ गाव, जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी, धुळ्यातल्या देवपुरात स्वतःचं घर. पत्नी नर्स, त्यांना सगळे सिस्टर म्हणतात, मीही तेच म्हणेन. आणलं त्यांनीच. "हे रात्री दोन वाजता उठून कॅल्क्युलेटर घेऊन बसतात," एवढं सांगून त्या बाहेर जाऊन बसल्या.

गुरुजींनी पिशवीतून डायरी काढली आणि हिशेब वाचायला लागले. घराचं कर्ज, पतसंस्थेचा पगारातून कापला जाणारा हप्ता, गाडीचा हप्ता, दोन एन.ए. प्लॉट आणि तिसऱ्याचं दिलेलं बयाणं. "सातवा वेतन आयोग लागला ना, २०१९ ला, तेव्हा वाटलं होतं आता सुटलो. फरकाचे हप्ते यायला लागले आणि मी दुसरा प्लॉट घेतला."

"तिसरा कशाला?"

"पुढचं कोणी बघितलंय, सर? आम्हाला पेन्शन नाही."

हे खरं होतं. १ नोव्हेंबर २००५ पासून पुढे लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, आणि त्या भीतीपोटी खान्देशातले कितीतरी कर्मचारी जमिनीत पैसा घालत बसलेत. अशा वेळी 'चिंता करू नका, आकाशातल्या पाखरांकडे बघा' एवढं म्हणून माणसाला वाटेला लावणं मला पटत नाही. म्हातारपणाची काळजी ही हाव नव्हे. तिला आकडा असतो, त्यामुळे तिचा हिशेब मांडता येतो. आम्ही तो मांडला. दोन प्लॉट, साठलेली रक्कम, सिस्टरांचा पगार धरून सगळं कागदावर घेतलं. म्हातारपण भागत होतं. थाटात नाही, पण भागत होतं.

गुरुजींचा चेहरा काही खुलला नाही. माझ्या दृष्टीने तीच खूण. भीतीचं गणित सुटूनही जीव हलका होत नसेल, तर दुखणं भीतीचं नसतं.

मनातलं कागदावर उतरवून घेतल्याशिवाय मी पुढे सरकत नाही. बालपण उकरत महिनोन्‌महिने बसणाऱ्यांपैकी मी नव्हे, आणि या पद्धतीवरून क्षेत्रातले काही मित्र मला 'तलाठी' म्हणतात. म्हणोत. माणूस बोलताना स्वतःला फसवू शकतो. लिहिताना तेवढं जमत नाही. म्हणून मी ती डायरी चाळायला मागितली. गुरुजींनी दिली, आणि लगेच परत घ्यायला हात पुढे केला. शेवटच्या पानावर मी पोचलो होतो.

तिथे पट्टीने रकाने आखले होते. शिक्षकी हस्ताक्षर, सुरेख. डाव्या बाजूला डी.एड.च्या बॅचमधली नावं, पुढे घर, गाडी, प्लॉट, मुलं कुठे शिकतात. काही ठिकाणी खोडून नवं लिहिलेलं: 'स्विफ्ट' खोडून 'क्रेटा'. एकापुढे 'नाशिक फ्लॅट', त्याखाली दोन रेघा. रकाना अद्ययावत होत होता तो व्हॉट्सॲपच्या स्टेटसवरून.

"यात तुमचं नाव कुठंय?" मी विचारलं.

गुरुजी बराच वेळ पानाकडे बघत राहिले. त्यांचं नाव नव्हतं. बाकी सगळ्यांची मोजदाद होती, स्वतःची ओळच नव्हती.

"लिहा ना."

लिहिलं नाही. पेनचं टोपण काढून परत लावलं. "किती झालं म्हणजे हे पान बंद कराल?" यावरही उत्तर नव्हतं. निघताना म्हणाले, "सर, हे सिस्टरला सांगू नका."

बायबल मी स्वतःहून उघडत नाही. समोरच्याने उघडलं तर मात्र बाजूला ठेवत नाही, कारण ज्या माणसाची सगळी घडण त्या पुस्तकावर झालीय त्याला त्याच्या बाहेरच्या भाषेत सांगितलेलं वरवरचं राहतं. गुरुजी पुढच्या भेटीत आले ते वचनं घेऊनच. पौल तुरुंगात असताना फिलिप्पैच्या मंडळीला कळवतो की भरल्या पोटीही राहणं मला येतं आणि उपाशीपोटीही, ते त्यांनी काढून दाखवलं. "तो प्रेषित होता. मी जिल्हा परिषदेचा मास्तर आहे," वर हेही.

मी त्यांना म्हटलं की त्याच पत्रात पौल मदत पाठवल्याबद्दल आभारही मानतोय. त्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती पाठवलेली भेट त्याने परत केली नाही. समाधानी माणूस हात आखडून बसतो, मिळालेलं नाकारतो, अशी जी आपली समजूत आहे ती तिथे बसत नाही. मग मी मत्तयच्या विसाव्या अध्यायातली द्राक्षमळ्याच्या मजुरांची गोष्ट त्यांनाच सांगायला लावली. शिक्षक माणूस, गोष्ट सांगताना पाठ ताठ झाली.

मळ्याचा धनी पहाटे मजूर आणतो, दिवसाचा एक दीनार ठरवतो. मग नऊला, बाराला, तीनला आणखी आणतो. शेवटी संध्याकाळी पाचच्या सुमाराला नाक्यावर उभ्या असलेल्यांनाही. हिशेबाच्या वेळी पाचवाल्यांनाही अख्खा दीनार मिळतो आणि पहाटेचे कुरकुर करायला लागतात.

"त्यांना ठरल्यापेक्षा कमी मिळालं?"

"नाही."

"मग कमी वाटलं कधी?"

"शेजाऱ्याच्या हातात बघितल्यावर." आणि स्वतःच हसले. "कळलं सर. शेवटचं पान."

एवढ्यावर बहुतेक प्रवचनं थांबतात, आणि बहुतेक समुपदेशकही. तुलना करू नका, झालं! पण माणसाला हे आधीच माहीत असतं, आणि माहीत असून तो तुलना करत असतो. मी एकच विचारलं: "गुरुजी, या गोष्टीत तुम्ही कोण?"

"पहाटेचाच की. लहानपणापासून राबतोय."

"नक्की?"

खोलीतला पंखा तेवढा फिरत होता. मी मध्ये बोललो नाही. ही शांतता न मोडणं हीच या धंद्यातली खरी कारागिरी आहे, आणि ती मला जमते, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. बऱ्याच वेळाने गुरुजी बोलायला लागले तेव्हा विषय भलताच होता. त्यांचे वडील दरवर्षी ऊसतोडीला बारडोलीकडे जायचे. एका वर्षी मुकादमाने टोळीत घेतलं नाही, उचल मिळाली नाही. त्या पावसाळ्याआधी घरात दाणा नव्हता. तिघा भावंडांपैकी धाकट्याला, म्हणजे यांना, कोणीतरी मिशनच्या बोर्डिंगमध्ये नेऊन सोडलं. प्रवेशाची मुदत संपलेली. फी नाही, मार्क जेमतेम, दाखलाही धड नाही. तरी ठेवून घेतलं. मोठे दोघं राहिले ते कोयता हातात घेऊनच राहिले.

"वडील गेले त्याच्या आदल्या वर्षी देवपूरचं घर बघायला आले होते," गुरुजी म्हणाले. "सगळं फिरून बघितलं आणि म्हणाले, 'तुले काय कमी शे रे?' मी हप्ते सांगत बसलो त्यांना." मग मान खाली घालून, अगदी हळू: "सर, मी पहाटेचा नाही. मी पाच वाजताचा आहे."

इतक्या वर्षांत मी कृतज्ञतेवर पुष्कळ वाचलंय, बोललोय. आज काय चांगलं झालं याच्या रोज तीन ओळी लिहा, असंही लोकांना सांगतो. त्याने थोडाफार फरक पडतो. पण त्या दुपारी जे मला स्पष्ट दिसलं ते असं. 'अजून हवं' म्हणणारा माणूस लोभी असेलच असं नाही. बहुतेकदा तो स्वतःला पहाटेचा मजूर समजत असतो, आपलं येणं कोणाकडे तरी बाकी आहे असं धरून चालतो. त्याला चार वस्तू कमी दाखवून उपयोग होत नाही. त्याचं येणं बाकी नाही, उलट त्याला ठरल्यापेक्षा जास्त मिळून गेलंय, हे त्याच्याच आयुष्यातल्या एखाद्या ठिकाणी त्याला दिसावं लागतं. ख्रिस्ती भाषेत याला कृपा म्हणतात. मी त्यावर दुसरं नाव शोधत बसलो नाही.

खान्देशातल्या आपल्या मंडळींना हे जास्तच लागू आहे. एका पिढीत शेतमजुरी सुटली आणि पगार आला. त्या आधीच्या पिढीची 'अजून हवं' ही भुकेची हाक होती, तिच्यात काही चूक नव्हती. भूक मिटली, हाक तशीच राहिली.

इथे दोन गोष्टी रोखठोक सांगतो. समाधानाचा उपदेश कोणाला करायचा याचं भान हवं. ज्याची मजुरी अडवलीय त्याला 'आहे त्यात सुखी राहा' म्हणणं हे शास्त्राला धरून नाही. याकोबाच्या पत्रात अडवलेली मजुरीच धन्याविरुद्ध ओरडते. आणि दुसरं, 'बी पेरा, शंभरपट घ्या' असं सांगत दशांशाला, म्हणजे देवाला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या भागाला, मुदत ठेव करून टाकणाऱ्या सभांपासून लांब राहा. तिथून आलेल्या माणसाचं मन निवायला मला दुप्पट वेळ लागतो. त्यापेक्षा नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायातली आगूरची प्रार्थना घरात म्हणा. तो देवाकडे गरिबीही मागत नाही आणि श्रीमंतीही. माझ्या वाट्याचं अन्न दे म्हणतो. कारणंही देतो: पोट फार भरलं तर तुला विसरेन, रिकामं राहिलं तर चोरी करेन. इतका व्यवहारी माणूस शास्त्रात दुसरा क्वचितच सापडेल.

करायचं काय, हे लोक विचारतातच. नवीन काही घ्यायचं मनात आलं की ते कोणाचं बघून आलं, त्याचं नाव आधी लिहा. नाव लिहिता आलं तर महिनाभर थांबा. नाव येत नसेल, गरजच असेल, तर प्रार्थना करून बिनधास्त घ्या, त्यात अपराधी वाटून घेऊ नका. पगाराच्या दिवशी हप्त्यांआधी थोडं असं द्या की ज्याची पावती मिळणार नाही आणि मंडळीत नाव वाचलं जाणार नाही. आणि ज्याचं स्टेटस बघून पोटात खड्डा पडतो त्याला महिन्यातून एकदा फोन करा. क्रेटावाल्याला गुरुजींनी केला. त्याला मूळव्याध होती आणि मुलगा दोन वर्षं त्याच्याशी बोलत नव्हता. ते ऐकून गुरुजींना बरं वाटलं नाही, आणि बरं वाटलं नाही याचं मला बरं वाटलं.

गुरुजी संत झाले नाहीत. तिसऱ्या प्लॉटचं बयाणं सोडून दिलं, त्यात पैसे बुडाले. दुसरा विकून पतसंस्थेचं खातं बंद केलं, आणि राहिलेल्यातून मोठ्या भावाच्या मुलीची नर्सिंगची फी भरली. म्हातारपणाच्या हिशेबाचा कागद त्यामुळे नव्याने मांडावा लागला. आकडा थोडा घसरला, तरी चालतंय म्हणाले. झोप लागते. स्टेटस अजून बघतात.

मागच्या महिन्यात सिस्टर एकट्याच आल्या. त्यांना वरच्या मजल्यावर एक खोली चढवायचीय, गावाकडून आईला आणायला. आई थकली आहे, जिना चढता येईल तोवरच आणायचं असं त्यांच्या मनात आहे. खर्चही त्यांच्याच पगारातून. पण विषय काढला की गुरुजी फिलिप्पैकरांच्या पत्राचा चौथा अध्याय उघडून बसतात.

"सर, यांचं समाधान माझ्या जिवावर चाललंय," त्या म्हणाल्या.

या शनिवारी दोघांना एकत्र बोलावलंय. डायरी दोघांनी आणायचीय.