जनुकीय, आनुवंशिक आणि घराण्याचा

वेंगुर्ल्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वडिलांना मोटर न्यूरॉन आजार (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू निकामी होतात तो) झालाय, तपासणीत एसओडी१ या जनुकात बदल सापडला. डॉक्टर कधी 'जनुकीय' म्हणतात, कधी 'आनुवंशिक'. आते म्हणते, "आमच्या घराण्याकच ह्यो रोग लागलो हा." तिन्ही एकच का? आणि 'अनुवंशिक' बरोबर की 'आनुवंशिक'?

लेखनाचं आधी सांगतो. 'इक' लागला की पहिला स्वर वाढतो: समाज–सामाजिक, वर्ष–वार्षिक, तसं अनुवंश–आनुवंशिक.

अर्थ मात्र वेगवेगळे आहेत. जनुकीय म्हणजे दोष जनुकात आहे, एवढंच. तो आला कुठून, हे त्या शब्दात नाही. कर्करोगाच्या गाठीतही जनुकं बिघडलेली असतात, पण बहुतेकदा तो बिघाड त्या माणसाच्या हयातीतच झालेला असतो. आनुवंशिक म्हणजे आईवडिलांकडून उतरलेलं. एएलएस हा मोटर न्यूरॉन आजाराचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. त्यातही साधारण १० टक्के रुग्णांच्याच घरात तो आधी कुणाला झालेला असतो.

आतेच्या 'घराण्याक' या शब्दाशी मी अडतो. आपल्याकडे वारसा म्हटलं की कलम डोळ्यांपुढे येतं. हापूसची काडी बांधली की झाड हापूसचंच. माणसाचं तसं नसतं, ते कोयीच्या जवळचं. हापूसची कोय रुजवली तर हापूसच येईल याचा भरवसा नाही, कारण तिच्यात दोन झाडं मिसळलेली. आपल्या बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात आणि मुलाला प्रत्येक पालकाकडून एकच मिळते. एसओडी१ मधले बहुतेक बदल प्रभावी, म्हणजे एक बिघडलेली प्रतही पुरते. म्हणून तुम्हा प्रत्येक भावंडाला ती मिळण्याची शक्यता ५० टक्के, आणि प्रत्येकाची वेगळी मोजायची. थोरल्याकडे गेली म्हणून धाकटा सुटला, असं होत नाही. शिवाय ती प्रत मिळालेल्या प्रत्येकाला आजार होतोच असंही नाही. उतरतं ते जनुक. 'आनुवंशिक रोग' म्हणताना हे निसटतं.

तपासणीचा कागद जपून ठेवा. या जनुकाचा आजाराशी संबंध १९९३ मध्ये कळला, आणि २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं टोफरसेन हे औषध फक्त एसओडी१ मधल्या बदलासाठीच आहे. तेव्हा नुसतं 'आनुवंशिक' लिहून भागणार नाही, जनुकाचं नाव हवंच. भावंडांनी तपासणी करायची की नाही, हे आधी समुपदेशकाशी बोलून ठरवा. तिथे मात्र 'जनुकीय समुपदेशक' हाच शब्द विचारा.