शेवंतीची सातवी अट

गेल्या काही वर्षांत एक प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा आलाय की आता समोरच्याने घसा खाकरला तरी कळतं. बदली झालेला मुलगा, बाळंतपण जवळ आलेली मुलगी, घटस्फोटानंतर वन रूम किचनमध्ये राहायला गेलेला एक आयटीवाला, सगळे शेवटी तेच विचारतात, "मॅडम, मी त्याला दुसऱ्या घरी दिलं तर त्याला वाटेल का हो की मी त्याला टाकलं?" तो म्हणजे कुत्रा. हे विचारायला लोकांना लाज वाटते, कुत्र्यासाठी काय काउन्सेलरकडे जायचं, म्हणून आधी नवरा, सासू, बॉस सगळं सांगून होतं आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाला पर्स उचलताना हे बाहेर येतं. म्हणून एक केस सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि ज्यांची आहे त्यांना विचारूनच लिहितेय.

बँकेतून रिटायर झालेल्या एकसष्ट वर्षांच्या बाई, मी त्यांना काकूच म्हणायचे. पुण्यातली जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलेलं. घरात शेवंती, पिवळसर सोनेरी कॉकर स्पॅनियल. टेकडीच्या पायथ्याशी सापडलेली, पिल्लं काढून काढून थकलेली, बहुतेक ब्रीडिंगवाल्याने काम झालं म्हणून सोडून दिलेली, लांब कानांत जटा आणि आत इन्फेक्शन. काकूंनी तिला पंधरा दिवस सांभाळते म्हणून आणलं ते सात महिने झाले. इतकी गरीब कुत्री की डॉक्टर कान साफ करताना दुखलं तर त्यांचाच हात चाटायची.

ऑपरेशननंतर तीन मजले उतरून तिला फिरवणं शक्यच नव्हतं, हे काकूंना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तरी त्यांनी सहा घरं नाकारली होती. एका घरात मूल लहान, एका घरात बाई "फार मोठ्याने हसते", आणि एक घर तर "पडदे गडद आहेत" म्हणून. मला वाटलं हे यजमानांच्या जाण्याचं दुःख आहे, ते आदल्याच वर्षी गेले होते, आणि दोन सेशन मी त्याच वाटेने गेले. काकू शहाण्यासारख्या बोलल्या, रडल्यासुद्धा, पण हललं काहीच नाही. पाटी चुकली होती माझी.

पुण्यात समुपदेशन म्हटलं की अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस आणि त्यांचे विवेकनिष्ठ विचार, आणि ते उत्तमच आहे, माझे अर्धे मित्र त्यावर जगतात. मी मात्र बोल्बीच्या घराण्यातली, म्हणजे मूल आणि आईचं नातं, त्यांची ताटातूट यांचा अभ्यास केलेल्या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बींच्या. 1939 साली युद्धामुळे लंडनची मुलं गाड्यांत बसवून खेड्यापाड्यांत पाठवायला लागले तेव्हा बोल्बी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी पत्र लिहून बजावलं होतं की लहानग्यांना आईपासून असं तोडलंत तर नंतर महागात पडेल. मी हे वीस वर्षं शिकवतेय, आणि तरी काकूंच्या बाबतीत ते दिसायला मला एक कागद लागला.

तिसऱ्या सेशनला त्या यादी घेऊन आल्या. शेवंतीच्या नव्या घरासाठी चौदा अटी, बँकेच्या अक्षरात. कान आठवड्याला दोनदा बघणे, उन्हात फिरवू नये, केस भादरताना कात्री नको मशीन, वगैरे सगळं रास्त. मी मोठ्याने वाचत होते. सातवी अट होती, "पहिला महिना रोज संध्याकाळी फोन लावून तिला माझा आवाज ऐकवणे, म्हणजे तिला कळेल मी आहे."

मी थांबले. म्हटलं, "काकू, ही अट कुणाची?"

"म्हणजे काय, शेवंतीची."

"शेवंतीला फोन कळतो?"

त्या हसल्या नाहीत. पंख्याकडे बघत बसल्या. मी काही बोलले नाही. शांत बसता येणं हे आमच्या धंद्यातलं निम्मं कौशल्य आहे आणि स्वतःचं कौतुक म्हणून सांगत नाही, पण ते मला येतं. चार-पाच मिनिटं तरी गेली असतील. मग त्या म्हणाल्या, "मामाकडे फोन नव्हता."

सात वर्षांच्या असताना मामा जत्रा दाखवतो म्हणून यष्टीत बसवून साताऱ्याला घेऊन गेला. जत्रा वगैरे काही नव्हती, शाळेत नाव घातलेलं होतं. गावात चौथीपुढे शाळा नाही आणि घरात पाच पोरं, त्यामुळे सगळ्यांच्या दृष्टीने हे भल्याचंच होतं, आणि खरोखर भल्याचं झालंही, बँकेची नोकरी त्याच शाळेमुळे. दहावीपर्यंत त्या तिथेच राहिल्या. पण पहिले कित्येक दिवस ती मुलगी संध्याकाळच्या गाडीच्या वेळेला ओट्यावर येऊन बसायची. आणि शेजारची एक बाई रोज जाता-येता म्हणायची, "टाकली का गं तुला आईनं?"

आपल्या भाषेत "टाकलेली" हा शब्द कसा वापरतात ते वेगळं सांगायला नको. त्या बाईने गंमत केली असेल. काकूंच्या आत तो चोपन्न वर्षं बसून होता आणि आता शेवंतीच्या तोंडून बोलत होता.

मी विचारलं, "त्या मुलीला तेव्हा काय मिळालं असतं तर बरं वाटलं असतं?" मला वाटलं त्या म्हणतील, आई. पण त्या लगेच, जणू उत्तर कधीचं तयार होतं अशा म्हणाल्या, "खरं सांगायला हवं होतं. आणि माझी गोधडी. ती घरीच राहिली."

माझ्या अंगावर काटा आला. पुढचं सगळं काम या दोन वाक्यांतून झालं.

तुम्ही जे लोक हा प्रश्न घेऊन येता त्यांना मी आता हेच सांगते. टाकणं आणि देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कायद्यालासुद्धा फरक कळतो. प्राण्याला उपाशीतापाशी मरायला वाऱ्यावर सोडणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे, चांगलं घर शोधून देणं नाही. आणि कुत्र्याचं म्हणाल तर बुडापेस्टच्या संशोधकांनी 1998 साली लहान मुलांवर करतात ती प्रसिद्ध ताटातुटीची चाचणी कुत्र्यांवर करून बघितली, मालकाशी त्यांचं नातं बरंचसं मूल आणि आईसारखं निघालं. हे वाचून लोक आणखी घाबरतात. पण 2001 साली त्याच मंडळींनी शेल्टरमधली मोठी कुत्री घेतली, आणि एका माणसाने दहा-दहा मिनिटं फक्त तीनदा वेळ दिला तर ती त्याला चिकटायला लागली. म्हणजे कुत्रा नातं तोडून बसत नाही, नवीन जोडायला तो तयारच असतो, तुम्ही त्याला वेळ आणि तुमच्या वासाची खूण द्यायची. त्याला दुःख होतच नाही असं मी म्हणत नाही. पहिले काही दिवस तो खाणार नाही, दाराशी बसेल, कोपरा धरेल. कुत्रीवाले नव्या घरी रुळायला तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा टप्प्याटप्प्याचा ढोबळ हिशोब सांगतात तो लक्षात ठेवायला बरा आहे.

आणि हो, एक व्यवहाराचं. "फुकट देणे आहे" म्हणून फोटो टाकत सुटू नका, न्यूटर, म्हणजे नसबंदी, न केलेली जातिवंत मादी म्हटलं की ब्रीडिंगवाले लगेच फॅमिली बनून येतात. शेवंतीचं ऑपरेशन काकूंनी आधीच करून घेतलं होतं. समोरच्यांचं घर स्वतः जाऊन बघा, घर भाड्याचं असेल तर मालकाला माहितीय का तेही विचारा, आणि जमलं नाही तर कुत्रा परत माझ्याकडेच यायचा, दुसरीकडे नाही, हे कागदावर घ्या.

सातवं घर तळेगावचं. तळमजला, थोडं अंगण. चौदापैकी चार अटींत नापास, घरात मांजरसुद्धा होतं. पण तिथले काका आले ते कुत्रीला बोलावत बसले नाहीत, जमिनीवर मांडी घालून काकूंशी पावसाबद्दल बोलत राहिले, आणि वीसेक मिनिटांनी शेवंतीने येऊन त्यांच्या चपलेवर हनुवटी ठेवली. काकूंनी मला त्याच संध्याकाळी फोन केला, "मॅडम, यादी फाडली."

ते काका मग पंधरा दिवसांत चार वेळा येऊन तिला फिरवून गेले, म्हणजे नेताना ते अनोळखी नव्हते. काकूंनी जुन्या साडीची गोधडी दिली, महिनाभर शेवंती ज्यावर झोपत होती तीच, न धुता (तळेगावच्या काकूंना हे जरा जड गेलं). आणि जायच्या दिवशी त्यांनी दार लावून, खाली बसून, तिचे कान हातात घेऊन तिला सगळं सांगितलं, गुडघे, जिने, अंगण, मांजर. कुत्रीला काय कळणार, असं त्यांच्या मुलाने विचारलं. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, की त्या दिवशी ओट्यावरच्या मुलीलाही कुणीतरी सांगत होतं.

ऑपरेशननंतर अडीच महिन्यांनी काकू काठी टेकत आल्या. मी विचारलं, फोन केलात का?

"एकदाच केला. आवाज ऐकून तिने शेपटी हलवली म्हणे, आणि मांजराच्या मागे गेली."

"वाईट वाटलं?"

"वाटलं की." मग जरा थांबून, "त्या दिवाळीला आई न्यायला आली ना साताऱ्याला, तर मी मामीच्या मागे लपले होते. तिला काय वाटलं असेल हो."

यावर मी काही बोलले नाही, बोलण्यासारखं नव्हतंच. निघताना दारात त्यांना आठवलं, शेवंतीच्या कानाचे ड्रॉप्स संपत आले असतील, कुरिअरने पाठवू का. मी म्हटलं काकू, तळेगावात मेडिकल आहेत.