पान उलटायची घाई करू नकोस

प्रिय मुली,

कळव्याच्या बालवाडीत रुजू झालीस, वाचून फार बरं वाटलं. मुलांची कल्पनाशक्ती कशी वाढवायची, असं विचारलं आहेस. मी एकच सांगेन: चित्राचं पान उघडलंस की आधी गप्प बस. मनात दहापर्यंत आकडे मोज.

हे मला उशिरा कळलं. ठाण्यात शिकवायला लागले त्या वर्षी एका पुस्तकात तळं होतं, काठावर एक लांबट घर. रुळांलगतच्या चाळीत राहणारा चार वर्षांचा मुलगा घरावर बोट ठेवून म्हणाला, "बाई, लोकल आली." मी लगेच म्हटलं, "लोकल नाही रे, घर आहे ते." त्याने बोट मागे घेतलं. दिवसभर पुन्हा तोंड उघडलं नाही. संध्याकाळी मी ते चित्र नीट पाहिलं. एका ओळीत सहा चौकोनी खिडक्या, खाली रंगाचा पट्टा. लोकलच होती ती! "कुठे निघाली रे?" एवढं विचारलं असतं, तर त्याने गाडी कुठल्या कुठे नेली असती. अजून मनाला लागतं ते.

1988 मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना नेमकं हेच शिकवलं होतं. हो-नाहीत उत्तर संपेल असे प्रश्न कमी करा, "इथे काय चाललंय?" असं विचारा आणि मूल जे बोलेल त्यात थोडी भर घाला. महिनाभरात ती मुलं बोलण्यात पुढे गेली. "मांजर," असं मूल म्हणालं की तू म्हण, "हो, ओलं झालेलं मांजर. कुठून आलं असेल गं?"

पुस्तकं साधी घे. पानावर एखाद-दुसरी ओळ, चित्र मोठं. बिनशब्दांचं मिळालं तर सोडू नकोस, कारण तिथे वाचता न येणारं मूल आणि तू एकाच पायरीवर असता. नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्तात मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर 2015 पासून मराठी गोष्टी फुकट आहेत, पण मोबाइल पुढे धरण्यापेक्षा छापून, दोऱ्याने शिवून दे. पान मुलाच्याच हाताने उलटू दे. पुढच्या पानावर काय असेल, हे उलटण्याआधी त्यालाच सांगू दे. त्याचं चुकलं तरी पुस्तकातलं पुढे रेटू नकोस, त्याचीही गोष्ट पुरती ऐक. तेच पुस्तक पाचव्यांदा मागितलं तर पाचव्यांदा वाच. एखादं मूल कोपऱ्यातल्या मुंगीपाशीच अडून बसेल, तर बसू दे. तात्पर्य मात्र विचारू नकोस, कृपा करून.

थंडीत खाडीत रोहित पक्षी उतरतात. त्याआधी गुलाबी पक्ष्याचं चित्र दाखव आणि तो गुलाबी कसा झाला, हे मुलांनाच विचार. खरं कारण, त्या पक्ष्यांचं खाणं, नंतर सांगता येईल. मुलं जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून ठेव. दिवाळीत येशील तेव्हा वही आण, मला ऐकायचं आहे.

तुझ्या,
बाई