भावाशी शेतीच्या निर्णयांवरून पटत नाही. दोघांनी सोळा प्रकारांची व्यक्तिमत्त्व चाचणी दिली तर उपयोग होईल का?

द्या, पण निकालाला कुंडली समजू नका.

या प्रकारांचं मूळ स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगच्या १९२१ सालच्या पुस्तकात आहे. त्यावरून कॅथरिन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या मायलेकींनी 'एमबीटीआय' ही सोळा प्रकारांची चाचणी बेतली. अडचण अशी की ती माणसाला अंतर्मुख नाहीतर बहिर्मुख अशा कप्प्यात टाकते, आणि बहुतेक लोक मधातच कुठंतरी असतात. म्हणून काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो. संशोधक 'बिग फाइव्ह' ही स्वभाव मोजायची दुसरी पद्धत जास्त मानतात. त्यात कप्पे नाहीत, पाच गुणांचं कमीजास्त प्रमाण कळतं.

आता तुमचं भांडण. कापूस आत्ताच विकायचा की भाव वाढेपर्यंत घरात ठेवायचा, यावरून भावाभावांत वाजणं आपल्या वऱ्हाडात घरोघरी आहे. त्यात स्वभाव असतोच. पण कर्ज कोणाच्या नावावर, सातबारा कोणाचा, लग्नाची पोरगी कोणाच्या घरी, हे त्याहून जास्त असतं, आणि ते कोणतीच चाचणी विचारत नाही.

माझं मत विचाराल तर निकालापेक्षा प्रश्न कामाचे. 'निर्णय पटकन घेता की शेवटपर्यंत थांबून पाहता?' असा प्रश्न आला की दोघांनी मागच्या हंगामाचं उदाहरण देऊन बोला. 'तू तर अंतर्मुख, तुले काय समजते' असं मात्र म्हणू नका, नवीन भांडण सुरू होईल. आणि वेचणीच्या घाईत हा विषयच काढू नका, तूर निघाल्यावर भाऊ निवांत बसला की काढा.