सात वर्षांच्या मुलीत वयात येण्याची लक्षणे: दोष प्लास्टिकच्या डब्याचा का?

ऐरोलीतील आपल्या सात वर्षांच्या मुलीच्या छातीत बटणाएवढी गाठ हाताला लागते, त्याला प्लास्टिकचा डबा कारणीभूत आहे का, असे आपण विचारले आहे. स्तनवाढ आठ वर्षांआधी सुरू झाल्यास ती अकाली मानतात, म्हणून आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. हाडांचे वय, म्हणजे हाडांची वाढ मुलीच्या वयापेक्षा पुढे गेली आहे का, हे पाहण्यासाठी ते बहुधा डाव्या हाताचा व मनगटाचा एक्स-रे काढायला सांगतील. बाह्य घटकांपैकी वाढत्या वजनाचा पुरावा सर्वांत भक्कम आहे, कारण चरबीतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक (हार्मोन) मेंदूला वयात येण्याची जणू परवानगीच देते. प्लास्टिकमधील बिस्फेनॉल-ए व थॅलेट्स या रसायनांविषयीचे निष्कर्ष मात्र परस्परविरोधी आहेत. तरीही गरम वरण-भात स्टीलच्याच डब्यात भरावा, असे मी म्हणेन. दुधामुळे असे होत असेल, अशा केवळ संशयावरून दूधही बंद करू नये.